जुन्या फोनची नवी बॅटरी

जुन्या मोबाईल फोनमध्ये सर्वांत आधी थकते ती बॅटरी. कळांवरचे आकडे पुसट होतात, काचेवर चरे उमटतात, मागच्या झाकणाची खाच तुटते. पण आतला सर्किट बोर्ड, स्पीकर, माईक आणि अँटेना पंधरा-वीस वर्षांनंतरही बहुधा ठणठणीत असतात. घराघरांतल्या कपाटांत ‘बंद पडला’ म्हणून ठेवून दिलेला फोन पुष्कळदा बंद पडलेला नसतोच. त्याला चालवणारी वीस-पंचवीस ग्रॅम वजनाची एक वस्तू तेवढी संपलेली असते. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केल्यामुळे माझ्या हाताला मोजमापाची सवय होती. निवृत्तीनंतर ती या कामी आली, आणि हळूहळू नाशिकमधले ओळखीपाळखीचे लोक आपापले जुने फोन माझ्याकडे आणून देऊ लागले.

हे लोक जुन्या वस्तूंचे शौकीन नाहीत. त्यांना तो फोन वापरायचा असतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांना शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की मोटार सुरू करायला अंधारात विहिरीवर जावे लागते. खिशातून चिखलात पडला तरी चालणारा, टॉर्च असलेला बटणांचा फोन त्यांना महागड्या स्मार्टफोनपेक्षा जवळचा वाटतो. सातपूरला कामाला जाणाऱ्या एका मुलाच्या कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही. पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचे सगळे नंबर सिमवर नसून फोनच्या स्वतःच्या मेमरीत आहेत आणि ते वहीत उतरवून घेईपर्यंत तरी तो फोन सुरू राहायला हवा आहे. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: “ताई, नवीन बॅटरी टाकली की होईल ना?” त्यावर माझे उत्तरही ठरलेले असते, की आधी आहे ती मोजू या आणि नवी आणली तर तीही मोजू या. जुन्या फोनच्या बाबतीत ‘नवी बॅटरी’ म्हणून जी हातात पडते ती नवी असतेच असे नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची खरी अडचण तीच आहे.

हे समजून घ्यायचे तर बॅटरी म्हातारी कशी होते ते पाहावे लागते. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) ज्याच्या थरांमध्ये शिरून बसू शकतात असा पदार्थ वापरून पहिली बॅटरी केली. १९८०मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले, १९८५मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम टाळून कार्बनचा ऋणाग्र, म्हणजे ऋण बाजूचा इलेक्ट्रोड, वापरला आणि १९९१मध्ये सोनी कंपनीने ही ‘लिथियम-आयन’ बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन कोबाल्ट ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या, म्हणजे ऋणाग्रातल्या कार्बनच्या, थरांत जातात आणि वापरताना परत येतात. पहिल्या काही चार्जिंगमध्ये ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर आवश्यकच असतो, कारण तो नसेल तर आतला द्रव ग्राफाइटशी सतत विक्रिया करत राहील. पण तो तेवढ्यावर थांबत नाही, वर्षानुवर्षे जाड होत जातो, आणि त्याच्या प्रत्येक वाढीत थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. जेवढे अडकले तेवढी क्षमता गेली.

यातली लोकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी, की ही झीज वापरामुळे होते तशीच नुसती ठेवून दिल्यानेही होते. उष्णता जास्त आणि बॅटरी पूर्ण भरलेली, या दोन गोष्टी एकत्र आल्या की थर फार वेगाने वाढतो. नाशिकला हवा थंड असल्याचा आपल्याला अभिमान असला तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर त्याहून कितीतरी अधिक तापते. फोन पूर्ण चार्ज करून माळ्यावर ठेवणे हे म्हणूनच वाईट. पूर्ण रिकामा करून ठेवणे मात्र त्याहून वाईट. बॅटरी स्वतःहून थोडी थोडी उतरत असते, तिच्यातले संरक्षक सर्किटही कणभर वीज खात असते, आणि व्होल्टेज दोनच्याही खाली गेले की ऋणाग्रामागची तांब्याची पातळ पट्टी विरघळू लागते. अशा बॅटरीला पुन्हा चार्ज केले तर ते तांबे भलतीकडेच साचते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका निर्माण होतो. ठेवायचाच असेल तर फोन निम्मा चार्ज करावा, बॅटरी काढता येत असेल तर ती काढून घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी एकदा तिचे व्होल्टेज बघावे.

‘नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज करा’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका’ हे सल्ले मी अजूनही ऐकते. ते निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातले आहेत आणि त्या बॅटरीसाठी त्यांना काही अर्थ होता. लिथियम-आयनला पूर्ण उतरवणे मानवत नाही. थोडे थोडे, वरचेवर चार्ज करणे तिच्या प्रकृतीला जास्त चांगले.

बॅटरीच्या स्फोटाच्या भीतीचेही तसेच आहे. ऑगस्ट २००७मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबद्दल सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना आत शॉर्ट होऊन प्रमाणाबाहेर तापू शकतात असे त्यात म्हटले होते, आणि जगभरात तशा सुमारे शंभर घटना नोंदवल्या गेल्या होत्या. आपल्याकडे तेव्हा जो तो फोनचे झाकण उघडून बॅटरीच्या मागचा २६ अंकी क्रमांक तपासू लागला होता. त्या गडबडीत एक मुद्दा हरवला. दोष ठरावीक काळात तयार झालेल्या मालात होता, लिथियम-आयन या प्रकारात नव्हता. बॅटरी कुठली, कधीची आणि आज कशी आहे हे विचारण्याची पद्धत तेव्हाच रुजली असती तर बरे झाले असते. पण सूचना विसरली गेली आणि ‘मोबाईलचा स्फोट होतो’ एवढेच लोकांच्या मनात राहिले.

मोजमापाकडे वळते. बॅटरी हातात आली की मी आधी ती फक्त पाहते. कडा सरळ आहेत का, वेष्टन कुठे सुटले आहे का, गोडसर, नेलपॉलिशच्या द्रवासारखा वास येतो का. तसा वास आला तर आतला द्रव बाहेर पडतो आहे, आणि मग पुढची तपासणी करायचीच नाही. नंतर ती टेबलाच्या काचेवर आडवी ठेवून एका कोपऱ्याला बोटाने हलकी टिचकी मारायची. सपाट बॅटरी जेमतेम सरकून थांबते. जिचे पोट किंचितही वर आले आहे ती मधल्या उंचवट्यावर टेकून भोवऱ्यासारखी गरगर फिरते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा फुगवटाही यात उघड होतो. फुगवटा म्हणजे आतला द्रव विघटित होऊन झालेला वायू. तो दाबून बसवणे, टाचणीने काढून देणे असले प्रकार मी पाहिलेले आहेत आणि ते पाहताना माझ्या अंगावर काटा येतो. फुगलेली बॅटरी बाजूला काढायची. तिची आणखी कोणतीही चाचणी नाही.

सपाट निघालेल्या बॅटरीचे धन आणि ऋण टोक मल्टिमीटरने मोजायचे. टोके काळवंडलेली असतील तर आधी खोडरबरने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावीत. नुसत्या तेवढ्याने सुरू झालेले फोनही मी परत पाठवले आहेत. जुन्या प्रकारची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट दाखवते, बराच काळ ३.७-३.८च्या आसपास राहते आणि ३ व्होल्टला तिला रिकामी समजायचे. मीटरवर एकदम शून्य आले तरी बॅटरी मेलीच असे नाही, कारण सेलचे व्होल्टेज फार उतरले की आतले संरक्षक सर्किट त्याला बाहेरच्या टोकांपासून तोडून टाकते. अशा बॅटरीला क्षणभर चार्जर जोडला की सर्किट जागे होते आणि मग खरा आकडा दिसतो. तो अडीचच्या वर असेल तर अगदी कमी करंटने तिला तीनपर्यंत आणून पाहायला हरकत नाही. दोनच्या खाली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नये. दोन्हींच्या मधली असेल तर मी स्वतः तिला बादच धरते. काही दुकानांत अशा बॅटरीला थेट जास्त व्होल्टेजचा झटका देऊन ‘उठवतात’. ती उठतेही, पण आत विरघळलेले तांबे कुठे जाऊन बसले आहे ते कोणालाच दिसत नसते, आणि तो फोन त्या रात्री कोणाच्या तरी उशाशी चार्ज होत असतो.

व्होल्टेजवरून बॅटरी आत्ता किती भरली आहे ते कळते. ती मुळात किती घेऊ शकते ते कळत नाही. बॅटरीवर ८५० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचे माप) छापलेले असते ते तिच्या जन्माच्या वेळचे. आजचा आकडा मिळवायला ती पूर्ण भरून, ठरावीक भाराखाली सावकाश उतरवावी लागते आणि घड्याळ लावून बसावे लागते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ८५० एमएएचच्या बॅटरीला २२ ओमचा, दोन वॅटचा एक रोध (रेझिस्टर) जोडला की सरासरी १७० मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहतो, म्हणजे क्षमतेच्या आकड्याचा पाचवा भाग. बॅटरी चांगली असेल तर ३ व्होल्टवर यायला पाच तास लागतात. तीन तासांत आली तर साठ टक्के शिल्लक, दोन तासांत आली तर चाळीस. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज झपाट्याने कोसळते, म्हणून त्या वेळी समोरून हलायचे नाही. आता ३ व्होल्टला आपोआप तोडणारी आणि एमएएच मोजून दाखवणारी छोटी मॉड्यूल स्वस्तात मिळतात, त्यामुळे राखण करावी लागत नाही. तरी नवशिक्याने एकदा तरी रोध, मीटर आणि घड्याळ घेऊन हे करावे असे मला मनापासून वाटते. दर पंधरा मिनिटांचा आकडा वहीत लिहून त्याचा आलेख काढला की लांबलचक सपाट पठार आणि त्यानंतरचा कडा समोर दिसतो, आणि फोनच्या पडद्यावरच्या चार रेघांपैकी शेवटची रेघ एवढ्या पटकन का जाते याचे कोडे सुटते.

या परीक्षेत उत्तम ठरलेली बॅटरीही कधी कधी फोनमध्ये घातल्यावर दगा देते. दोन रेघा असताना फोन लावला की बंद, पुन्हा सुरू केला की दोन रेघा. त्या बागायतदारांच्या फोनला हेच झाले होते, आणि गावात आल्यावर तोच फोन नीट चालत होता, म्हणून त्यांना वाटे की दोष शेतातल्या रेंजमध्ये आहे. एका अर्थाने ते बरोबरच होते. टू-जी फोन बोलताना वीज एकसारखी घेत नाही, दर ४.६ मिलिसेकंदांनी सुमारे ०.५८ मिलिसेकंद टिकणारा एक जोरकस झटका घेतो. टॉवर जवळ असेल तर हा झटका सौम्य असतो. टॉवर लांब असेल, म्हणजे बागेच्या कोपऱ्यात किंवा पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, तर फोन पूर्ण ताकदीने बोलू लागतो आणि तेवढ्या क्षणापुरता दीड ते दोन अँपिअर मागतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. टाकी भरलेली असूनही पाइपात गाळ साचला की नळाला धार लागत नाही, तशी तिची अवस्था होते. ३.६ व्होल्टवर असलेल्या बॅटरीचा रोध ०.३ ओम झाला असेल, तर १.८ अँपिअरच्या झटक्याला तिचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली जाते आणि फोनला वाटते की बॅटरी संपली. हा रोध मोजणे सोपे आहे: भार नसतानाचे व्होल्टेज घ्यायचे, एक अँपिअरचा भार क्षणभर जोडून पुन्हा घ्यायचे. फरक ०.१५ व्होल्ट असेल तर रोध ०.१५ ओम, आणि तेवढा खपून जातो. ०.३च्या पुढे गेला की क्षमता कितीही शिल्लक असो, ती बॅटरी फोनच्या कामाची नाही. कमी करंटच्या कामाला, एखाद्या घड्याळाला किंवा छोट्या रेडिओला, ती अजून वापरता येते.

आणखी एक परीक्षा आहे आणि ती घाईच्या माणसाला जमणारी नाही. बॅटरी पूर्ण भरून, फोनमधून काढून नुसती आठवडाभर ठेवायची. सुरुवातीला ४.१८ असलेली बॅटरी ४.१ च्या वर राहिली तर ठीक. काही न करता ३.९ वर आली तर आत कुठेतरी गळती आहे, आणि अशी बॅटरी मी कोणालाही वापरायला देत नाही.

चार्जिंगच्या बाबतीत लिथियम-आयन फार काटेकोर आहे. आधी ठरावीक करंट द्यायचा, व्होल्टेज ४.२ला पोचले की ते तिथेच धरून ठेवायचे, आणि करंट कमी होत होत सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर आला की थांबायचे. ४.२ म्हणजे ४.२च, पाचशतांश व्होल्टच्या पलीकडची चूक तिला सोसत नाही. म्हणूनच बॅटरी बाहेर काढून दोन सरकत्या पिनांवर अडकवायचे जे युनिव्हर्सल चार्जर मिळतात, त्यांच्यावर माझा भरवसा नाही. बॅटरीला दोनच टोके नसतात. मधले तिसरे टोक बऱ्याचदा आतल्या उष्णतामापक रोधाचे असते, आणि फोन ते वाचून बॅटरी तापली की चार्जिंग थांबवतो. पिनांच्या चार्जरला ते टोक माहीतच नसते. शक्य असेल तोवर बॅटरी तिच्या स्वतःच्या फोनमध्येच चार्ज करावी. फोनच नादुरुस्त असेल तर टीपी४०५६ या चार्जिंगच्या आयसीचे छोटे बोर्ड वापरता येते, पण ते जसे मिळते तसे एक अँपिअर देते आणि ८५० एमएएचच्या जुन्या बॅटरीला तो जास्त होतो. त्यावरचा १.२ किलोओमचा रोध काढून ३ किलोओमचा लावला की करंट ४०० मिलिअँपिअरवर येतो आणि बॅटरी हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

अलीकडच्या काही बॅटऱ्यांची वरची मर्यादा ४.३५ किंवा ४.४ व्होल्ट असते; तसे वेष्टनावर छापलेले असते. अशी बॅटरी ४.२च्या चार्जरवर थोडी कमी भरेल, इतकेच. उलटे मात्र कधीही करू नये.

पूर्ण उतरलेला फोन चार्जिंगला लावल्यावर अर्धा तास पडदा काळाच राहतो आणि लोक घाबरून पिन काढतात. त्या वेळात फोन बॅटरीला अगदी कमी करंटने ३ व्होल्टपर्यंत आणत असतो. त्याला तसेच राहू द्यावे. आणि थंडीबद्दल एक गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. शून्याच्या खाली लिथियम-आयन चार्ज केली तर लिथियम ग्राफाइटमध्ये न शिरता त्याच्यावर धातूच्या रूपात साचते, आणि शून्याच्या वर पण दहाच्या आत असताना जोरात चार्ज केले तरी थोडेफार तेच घडते. बागेतल्या खोलीत रात्रभर गारठलेला फोन पहाटे लगेच चार्जरला न लावता आधी घरात आणून कोमट होऊ द्यावा. वापरायला काही हरकत नाही. अडचण चार्ज करण्याची आहे.

आता बदलण्याकडे येते. एम. जी. रोडवरच्या ज्या दुकानात मी जाते, तिथल्या मुलाने एकदा मला विचारले, “मावशी, ओरिजिनल पाहिजे का चालणारी पाहिजे?” तो सहज बोलला होता, पण जुन्या फोनच्या मालकासमोरचा पेच यापेक्षा नेमका मांडता येणार नाही. २००८च्या फोनची मूळ कंपनीची, सीलबंद पाकिटातली बॅटरी मिळते तेव्हा ती बहुधा २००८-०९चीच असते. ती कोणी वापरलेली नसते, पण तिच्यातला तो थर इतकी वर्षे गोदामाच्या उकाड्यात वाढतच आलेला असतो. अशी एक पाकीट फोडून मोजली तेव्हा छापील क्षमतेच्या निम्मीही निघाली नाही आणि अंतर्गत रोध तर टाकाऊ बॅटरीसारखा होता. दुसरीकडे ताजी बॅटरी असते ती नक्कल. माझा कौल ताज्या बॅटरीला आहे, कारण या वस्तूत नावापेक्षा वय मोठे. पण ती डोळे मिटून घ्यायची नाही.

बीएल-५सी वापरणारे या बाबतीत सुदैवी आहेत. २००३मध्ये आलेल्या नोकिया ११००मुळे ही बॅटरी घरोघर पोचली आणि आता छोटे रेडिओ, स्पीकर आणि बटणांचे नवे फोनही तिच्यावरच चालतात, त्यामुळे ती आजही नव्याने बनते. तिच्या नावाखाली वाटेल ते विकले जाते हेही तितकेच खरे. ५३ मिलिमीटर लांब, ३४ रुंद आणि पावणेसहा जाड अशा डबीत मूळ कंपनीला १०२० एमएएच बसवता आले. त्याच डबीवर कोणी ३००० छापले असेल तर ते निव्वळ खोटे आहे. हलकी बॅटरी हाही वाईट संकेत. माझे एक परिचित सराफ बाजारात काम करतात. त्यांच्या काट्यावर एक चांगली आणि एक फसवी बॅटरी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा फसवी स्पष्ट हलकी भरली, कारण आतला सेल डबीपेक्षा लहान होता आणि उरलेल्या जागेत प्लास्टिक भरलेले होते.

दुकानात मी मल्टिमीटर घेऊनच जाते. सुरुवातीला तो मुलगा हसायचा, आता स्वतःच तीन-चार बॅटऱ्या काढून समोर ठेवतो. कारखान्यातून निघताना बॅटरी साधारण तीस ते पन्नास टक्के भरलेली असते, म्हणून नवीन बॅटरीने ३.७च्या आसपास दाखवायला हवे. ३.३ किंवा त्याहून कमी दाखवले तर ती दुकानात फार काळ पडून आहे असे समजावे. मग काचेच्या काउंटरवर टिचकी मारून ती फिरत नाही ना ते पाहायचे. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’पुढचे आठ आकडे वेष्टनावर आहेत का तेही पाहायचे, ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. चिन्ह आहे म्हणून बॅटरी उत्तम ठरत नाही, पण नसेल तर मी ती हातातही धरत नाही. आणि घरी आणल्यावर पाच तासांची चाचणी करायचीच. छापलेल्या आकड्याच्या नव्वद टक्के निघाले तरी मी समाधान मानते.

ज्यांचे झाकण नखाने उघडत नाही अशा फोनचे काम वेगळे. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत २०१४च्या एस-५ची बॅटरी हाताने काढता येत होती आणि २०१५च्या एस-६ची येत नव्हती. साधारण त्याच सुमारास बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. अशा फोनमध्ये बॅटरी चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसवलेली असते. उघडण्याआधी ती पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवून घ्यावी, उष्णता बेताची द्यावी, आणि लोखंडी पाते न वापरता प्लास्टिकचे कार्ड वापरावे, कारण पातळ पिशवीसारख्या त्या सेलला एक ओरखडा पुरतो. ज्यांचा हात या कामाला सरावलेला नाही त्यांनी हे दुकानातच करून घ्यावे. पडदा एका बाजूने उचलल्यासारखा दिसत असेल तर आत बॅटरी फुगली आहे. मग तो फोन चार्जिंगला लावायचा नाही आणि पडदा दाबून बसवायचाही नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे. आपल्याकडेही असा नियम व्हावा असे मला फार वाटते. दिंडोरीच्या त्या शेतकऱ्याला बॅटरी बदलायला अर्धे मिनिट लागले, त्यांच्या मुलाचा स्मार्टफोन मात्र त्याच तक्रारीसाठी दोन दिवस दुकानात राहिला.

काढलेल्या बॅटरीचे काय करायचे हे मात्र नाशिकमध्ये कोणाला विचारले तर उत्तर मिळत नाही. घंटागाडीत टाकायची नाही, कारण कचरा दाबला गेला की ती पेट घेऊ शकते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची आणि त्यांचे पुनर्चक्रण करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण एम. जी. रोडवरच्या काउंटरपर्यंत ती व्यवस्था अजून पोचलेली मला दिसली नाही. मी माझ्यापुरते टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटऱ्या वेगवेगळ्या ठेवते, फुगलेल्या असतील तर वाळू भरलेल्या कुंडीत अंगणात ठेवते आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे एकत्र देते. त्या दुकानदार मुलाला मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. माल आला की प्रत्येक बॅटरीवर त्या दिवसाची तारीख आणि व्होल्टेज लिहावे, आणि काउंटरखाली जुन्या बॅटऱ्यांसाठी झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवावा. तारखा लिहायला त्याने सुरुवात केली आहे. डब्यासाठी तो शेजारच्या दुकानदारांशी बोलतो आहे, कारण एकट्याचा डबा भरायला वेळ लागेल आणि सगळ्यांचा मिळून एक ठेवला तर केंद्राची गाडी तो न्यायला येऊ शकेल.